फक्त खरचटलंय

गाडीवरून पडलेल्या माणसाच्या अंगाला काय झालं, हे सांगायला मराठीत शब्दांची वाण नाही. खरचटलं, सोललं, सालटं निघालं, चिरलं, फाटलं, ठेचलं, भाजलं. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कोयत्याने कातडी खरचटत नाही, दगडाखाली सापडलेलं बोट चिरत नाही. अपघात विभागातला डॉक्टरही हाच भेद करत असतो. चिरलेल्या कातडीच्या कडा सरळ असतात आणि टाके घालून त्या जुळवता येतात. फाटलेल्या कडा वेड्यावाकड्या असतात. ठेचलेल्या भागात कातडी जागेवर दिसते, पण आतला रक्तपुरवठा मेलेला असू शकतो. आणि सोललेल्या जागी टाके घालायला कातडीच उरलेली नसते.

एवढी शब्दसंपत्ती असूनही नागपूरच्या रस्त्यावर गाडी स्लिप झाली की पडलेला पोरगा उठतो, पँट झटकतो आणि एकच वाक्य बोलतो: "काही नाही, फक्त खरचटलंय." घरी आईलाही तो हेच सांगतो. या प्रकरणात मला त्या 'फक्त'विषयी बोलायचं आहे, कारण त्याच एका शब्दापायी जखम धुवायची राहून जाते. जखम भरताना काय होईल, हे पहिल्या काही तासांत ती किती नीट धुतली यावर फार मोठ्या प्रमाणात ठरतं.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. जखमींची नोंदलेली संख्या ४,४३,३६६ आहे. औषधाच्या दुकानातून कापूस आणि मलम घेऊन जे घरी गेले, ते या आकड्यात नाहीत. हे प्रकरण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी घसरण्याचं गणित पाहू. वर्धा रोडवर ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. गाडी आडवी झाली की ती आणि माणूस वेगवेगळे घसरू लागतात. कपड्यांतल्या माणसाचं रस्त्याशी होणारं घर्षण लक्षात घेतलं, तर तो थांबेपर्यंत साधारण १४ मीटर फरफटतो. म्हणजे तीन मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल, तेवढं. वेळ लागतो दोन सेकंद. वेग ४० असता तर हे अंतर ९ मीटर झालं असतं, ६० असता तर २०. वेग दीडपट झाला की घसरणं सव्वादोनपट होतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ही सगळी ऊर्जा कुठे तरी जिरावी लागते. ती कापडात जिरते, कापड संपलं की कातडीत, आणि कातडी संपली की हाडावर. कापडाची झीज मोजणाऱ्या यंत्रांवर साधी जीन्स एक सेकंदही टिकत नाही. दोन सेकंदांच्या घसरण्यातला उरलेला वेळ गुडघा आणि कोपर भरून काढतात.

त्यात आपल्या शहराची भर आहे. नागपूरचा पश्चिम भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे, सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. रस्त्याच्या कामावर जी गिट्टी आणि चुरी पडलेली असते ती बहुधा याच काळ्या दगडाची. वळणावर पसरलेल्या चुरीवरून चाक सरकतं आणि तीच चुरी कातडीत घुसते. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते तेव्हा डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे गेलेला असू शकतो. म्हणून दुपारी पडलेल्या माणसाची जखम एकाच वेळी सोललेली, भाजलेली आणि मळलेली असते.

ही जखम किती खोल आहे हे ओळखायला कातडीची रचना थोडी ठाऊक हवी. सर्वांत वर बाह्यत्वचा असते. बहुतेक ठिकाणी ती वहीच्या कागदाएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिच्याखाली एक ते दोन मिलिमीटरची अंतस्त्वचा. चिवट, तंतूंनी विणलेली, रक्तवाहिन्या, नसा, केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी पोटात घेऊन बसलेली. तिच्याखाली पिवळी चरबी. नुसती बाह्यत्वचा गेली तर जागा लाल होते, पाणी सुटतं, आग होते, रक्त जवळजवळ येत नाही. अंतस्त्वचेचा वरचा थर गेला की सुईने टोचल्यासारखे रक्ताचे बारीक, दाट ठिपके उमटतात. ती तिथल्या केशवाहिन्यांची कापली गेलेली टोकं असतात. आणखी खाली गेलं की ठिपके विरळ आणि मोठे होतात, मधली जागा पांढुरकी दिसते. पिवळे दाणे दिसले तर ती चरबी आहे, आणि मग तो विषय घरचा राहत नाही.

इथे एक फसवणूक होते. खोल जखम उथळ जखमेपेक्षा कमी दुखू शकते, कारण दुखणं मेंदूपर्यंत नेणारी नसांची टोकंच तिथून निघून गेलेली असतात. "फार दुखत नाही, म्हणजे फार लागलं नाही" हे कातडीच्या बाबतीत खरं धरू नये.

उथळ जखम डागसुद्धा न ठेवता भरते, याचं कारण शेतात हराळी उपसणाऱ्याला लगेच समजेल. हराळी वरून कितीही खुरपली तरी खाली मुळं राहिलेली असतात आणि आठवड्यात जमीन पुन्हा हिरवी होते. केसाचं प्रत्येक मूळ आणि घामाची प्रत्येक नळी म्हणजे अंतस्त्वचेत खोल उतरलेली बाह्यत्वचाच असते. वरचा थर खरवडला गेला तरी या खळग्यांतल्या पेशी वर येतात, चहूबाजूंनी पसरतात आणि एकमेकींना भेटतात. सात ते चौदा दिवसांत जमीन झाकली जाते. हे खळगेच खरवडले गेले, तर नवी कातडी फक्त कडेकडून आत सरकते, दिवसाला जेमतेम एखादा मिलिमीटर. तीन आठवड्यांनंतरही जी जागा उघडी राहते, तिथे जाड, उंच, ओढला जाणारा व्रण येण्याची शक्यता खूप वाढते. तळहाताचं दुखणं वेगळं. तिथे केस नाहीत, पेशी पुरवायला फक्त घामाच्या नळ्या आहेत. आणि पडताना माणूस पहिल्यांदा तळहातच पुढे करतो.

आता धुण्याविषयी. अपघाताच्या जागी पहिली नजर जखमेकडे जाऊ नये. माणूस शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का, कुठून रक्ताची धार लागली आहे का, मान किंवा पाठ दुखते म्हणतो का, हे आधी बघायचं. मान दुखत असेल तर त्याला उठवून बसवायचं नाही, १०८ला फोन करायचा. मदत करणाऱ्याने पोलिसांच्या चौकशीला घाबरण्याचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये अशा मदतनीसांना संरक्षण दिलं, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरायचं, दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता.

हे सगळं ठीक असेल तर मग पाणी. नळाचं, पिण्याजोगं, वाहतं पाणी. सलाइनच पाहिजे असा आग्रह नको. पिण्याच्या पाण्याने धुतलेल्या जखमा सलाइनने धुतलेल्यांपेक्षा जास्त चिघळत नाहीत, हे तुलना करून पाहिलेलं आहे. बाटलीभर पाणी शिंपडणं म्हणजे धुणं नव्हे. पाच-दहा मिनिटं धार सोडायची, आजूबाजूची कातडी साबणाने स्वच्छ करायची, ओल्या मऊ गॉजने खडे पुसून काढायचे, वर दिसणारा खडा चिमट्याने उचलायचा. दुखतं, खूप दुखतं. त्यामुळेच बहुतेक वेळा हे काम अर्धवट सुटतं. दवाखान्यात आधी जागा बधिर करतात आणि मग मऊ ब्रशने घासतात. मोठ्या जखमेसाठी भूल देऊन शस्त्रक्रियागृहातही नेतात. तशी सोय मागून घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? जंतूंसाठी तर आहेच, पण चुरीसाठीही. शरीरातल्या भक्षक पेशी जे पचवता येत नाही ते गिळून जागच्या जागी बसून राहतात. गोंदणारी बाई सुईने काजळी आत सोडते आणि ती जन्मभर टिकते, त्यामागे हेच कारण आहे. रस्त्यावरची काळी धूळ अंतस्त्वचेत राहिली तर न मागितलेलं गोंदण तयार होतं: गालावर निळसर-काळे ठिपके, गुडघ्यावर राखाडी पट्टा. पहिल्या एक-दोन दिवसांत जे ब्रशने निघालं असतं, त्यासाठी नंतर लेझरच्या खेपा माराव्या लागतात. चेहऱ्यावर अशी जखम झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, असं मी आग्रहाने सांगेन. अर्धं हेल्मेट घालणाऱ्यांची हनुवटी आणि जबडा उघडाच असतो.

धुवायला पाणीच, दुसरं काही नको. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, दाट जंतुनाशक हे जंतूंना मारतात तसंच जखम भरायला आलेल्या पेशींनाही मारतात. हळद, चुना, कॉफी, टूथपेस्ट यांनी जखमेचा तळ झाकला जातो, आणि मग डॉक्टरला तेच आधी काढावं लागतं. हळद लावणाऱ्या आजीचा हात मायेचा असतो, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते.

धुऊन झाल्यावर दुसरा मोठा गैरसमज पुढे येतो. "उघडं ठेव बाबू, वारा लागू दे, खपली धरू दे." आपल्याकडे हे ऐकलं नाही असं घर नसेल. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर टाकलेले कुरडया-पापड बघता बघता कडकडीत होतात; त्याच कोरड्या हवेत उघडी जखमही तशीच वाळते. वरचा ओला थर सुकून कडक होतो आणि त्याच्याखालचं थोडं जिवंत मांसही सुकून मरतं. नव्या पेशींना सरकायला ओलावा लागतो. खपलीखालून त्यांना खोल, लांबच्या वाटेने जावं लागतं.

हे दाखवून दिलं जॉर्ज विंटर या इंग्लंडमधल्या संशोधकाने. डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच मिळतीजुळती असते. त्याने डुकरांच्या पाठीवर सारख्या उथळ जखमा केल्या, काही हवेला उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. हा निबंध १९६२मध्ये 'नेचर'मध्ये छापला गेला, आणि पुढच्याच वर्षी माणसांवरही तसंच दिसलं. त्याला साठ वर्षं उलटली, तरी आपण अजून वारा घालतोच आहोत.

झाकायचं कशाने? कोरडा कापूस कधीही थेट जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू चिकटतात आणि काढताना नवी आलेली कातडी ओढून नेतात. औषधाच्या दुकानात व्हॅसलीन लावलेली जाळीदार पट्टी मिळते, ती आधी, तिच्यावर गॉज, वरून सैलसर बँडेज. या जाळीची गोष्ट मला फार आवडते. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी पडद्याच्या जाळीदार कापडाला चरबट मलम लावून ती बनवली ऑगस्ट ल्युमिएर याने. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ज्यांचा सिनेमा दाखवला गेला, त्या ल्युमिएर बंधूंपैकी हा एक.

पट्टी दोन-तीन दिवसांनी, किंवा भिजली तर आधी, बदलावी. चिकटली असेल तर ओरबाडू नये, पाण्याने भिजवून सुटू द्यावी. तिसऱ्या दिवशी जखमेवर पिवळसर, चमकदार साय दिसली की घरात घबराट होते. तो बहुधा पू नसतो. ती रक्तातल्या प्रथिनाची जाळी असते, पाण्याने हलकेच पुसली जाते. खऱ्या संसर्गाची खूण वेगळी आहे: दुसऱ्या दिवसानंतर कमी व्हायचं ते दुखणं वाढतं, कडेची लाली पसरते, वास येतो, ताप येतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जायचं. तोवर स्वतःच्या मनाने प्रतिजैविकाच्या गोळ्या खायच्या नाहीत. स्वच्छ धुतलेल्या उथळ जखमेला बहुतेक वेळा त्यांची गरजच नसते.

धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र विसरायचं नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षं टिकतात, आणि आपल्या रस्त्यांवर दोन्ही आहे. लहानपणचे डोस पूर्ण असले आणि जखम मळलेली असली, तर शेवटच्या डोसाला पाच वर्षं होऊन गेली आहेत का एवढंच बघायचं. कधीच डोस घेतला नसेल तर डॉक्टर तयार प्रतिपिंडांचंही इंजेक्शन देतात.

सायलेन्सरचा चटका ही या घराण्यातली दुसरी जखम. गाडी अंगावर पडली किंवा मागे बसलेल्या लेकराचा पाय टेकला की पोटरीवर क्षणात फोड येतो. वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली पाय धरणं, हा यावरचा खरा उपाय. तीन तासांच्या आत केला तरी उपयोग होतो. नागपुरातली अडचण अशी की उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वतःच पोळतं. तेव्हा माठातलं पाणी तांब्याने ओतत राहावं. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि भाजलेल्या कातडीचं आणखी नुकसान होतं.

चाकात अडकणारे पाय, ओढण्या आणि पदर यांच्या जखमा याहून वाईट. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण मागतो. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो, ते गाडी देखणी दिसावी म्हणून काढून टाकणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. लेकराची टाच आरीत सापडली की कातडी चिरत नाही, झाकणासारखी उलटते आणि खालून ठेचलेली असते. पहिल्या दिवशी गुलाबी दिसणारी ती कातडी पाचव्या दिवशी काळी पडू शकते. ट्रकच्या चाकाखाली आलेल्या मांडीचं असंच, पण फार मोठ्या प्रमाणावर होतं. वरून नुसता काळानिळा डाग, आत मात्र कातडी आणि चरबी खालच्या स्नायूंच्या आवरणापासून मोज्यासारखी सुटलेली, मधल्या पोकळीत रक्त साठलेलं. मांडीवरची सूज मऊ लागत असेल, आत पाणी डुलल्यासारखं वाटत असेल, वरची कातडी बधिर असेल, तर 'मुका मार' म्हणून शेकत बसू नये.

कातडी गेलीच असेल तर ती दुसरीकडून आणावी लागते, आणि या कलेत नागपूरचं स्थान मोठं आहे. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला सगळं शहर नुसतं 'मेडिकल' म्हणतं, १९५०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातल्या अशा पहिल्या विभागांत त्याची गणना होते. दुभंगलेले ओठ आणि टाळू यांचं त्यांनी केलेलं वर्गीकरण 'नागपूर वर्गीकरण' या नावाने ओळखलं जातं. पुढे ते चंडीगडला गेले.

कातडी लावताना सर्जन मांडीवरून मिलिमीटरच्या दोन ते चार दशांश जाडीचा पापुद्रा काढतो. म्हणजे मांडीवर तो मुद्दाम एक स्वच्छ, नेमक्या खोलीचं खरचटणंच करत असतो, केसांची मुळं खाली शाबूत ठेवून. म्हणूनच ती जागा झाकून ठेवली की दोन आठवड्यांत आपली आपण भरते. पापुद्रा जखमेवर अंथरला की पहिले दोन दिवस तो खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, मग खालच्या रक्तवाहिन्या त्याच्यातल्या रक्तवाहिन्यांना जोडल्या जातात. या काळात तो तसूभरही हलून चालत नाही. पाच दिवस पाय हलवू नका असं डॉक्टर बजावतात, ते यासाठी.

स्वतःची कातडी पुरेशी नसेल तर मृत्यूनंतर दान केलेली कातडी काही आठवड्यांसाठी पांघरूण म्हणून लावता येते. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, आणि आज नागपुरातही ऑरेंज सिटी हॉस्पिटलमध्ये ती आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, मांडी आणि पाठीवरून वरचा पातळ थर घेतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत. रक्तगट जुळण्याची गरज नसते. ग्लिसरॉलमध्ये ती कातडी पाच वर्षांपर्यंत टिकते. तिचा सर्वाधिक उपयोग भाजलेल्यांना होतो, पण मोठं क्षेत्र सोललेल्या अपघातग्रस्तालाही होऊ शकतो.

किती मोठं म्हणजे मोठं? रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का. एका तळहातापेक्षा मोठी खोल जखम, किंवा चेहरा, हात, सांधा, गुप्तांग यांवरची कोणतीही खोल जखम घरी ठेवू नये. मधुमेह असेल तर लहान जखमही दाखवावी. साखर वाढलेली असली की रोज पट्टी बदलूनही जखम जागची हलत नाही. आणि विदर्भातल्या माणसाला आणखी एक सांगायला हवं: खर्रा. त्यातलं निकोटिन कातडीच्या बारीक वाहिन्या आकसवतं, जखमेला मिळायचं रक्त तिथवर पोचत नाही. लावलेली कातडी जगावी असं वाटत असेल तर निदान तेवढे आठवडे पुडी दूर ठेवावी.

जखम भरली तरी काम संपत नाही. आलेली नवी कातडी गुलाबी, कोरडी आणि खाजरी असते, कारण तिच्याखालच्या तेलग्रंथी अजून नीट कामाला लागलेल्या नसतात. दिवसातून दोन-तीनदा खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन हलक्या हाताने चोळावं. गुडघा-कोपराचा व्रण आवळू नये म्हणून दुखलं तरी सांधा पूर्ण वाकवावा, पूर्ण सरळ करावा. व्रण वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ बदलत राहतो. पहिल्या तीन महिन्यांत उंच, लाल दिसतो तो बहुधा हळूहळू सपाट होत जातो. त्याची ताकद मूळ कातडीच्या ऐंशी टक्क्यांवर सहसा जात नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला नागपूरचं ऊन लागलं तर नवा भाग काळवंडतो आणि तो डाग महिनोन्महिने राहतो. इथल्या मुली उन्हापासून वाचायला डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळून गाडीवर निघतात. पोरांनीही कोपर भरून आल्यावर वर्षभर लांब बाहीचा शर्ट घालून निघावं, आणि स्कार्फचं टोक मात्र कायम आत खोचलेलं असावं, चाकाकडे लोंबणारं नसावं.